पान एकशे बहात्तरच्या पुढे

नवागाम, सुरत
१२ नोव्हेंबर २०२४

प्रियांका,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. मी लिहिले नाहीत. तू घेशील की नाही ते माहीत नाही, आणि माझ्याकडची वस्तू कुणी न घेता परत केली तर मला राग येतो, हे तुला ठाऊक आहे.

फोन तू बंद करून ठेवला आहेस, म्हणजे माझ्यापुरता. जयश्रीशी तू बोलतेस. तिच्या पोटात काही राहत नाही. तरी नाशिकच्या हॉस्टेलचा पत्ता काढायला मला दोन महिने आणि डबाभर अनारसे लागले. तिला रागावू नकोस, लहानपणापासूनची एकच मैत्रीण आहे तुझी.

परत ये म्हणायला मी लिहीत नाही. क्लार्कच्या परीक्षेचंही काढणार नाही. एक छोटं काम आहे. दिवाळीच्या साफसफाईत तुझं ते सर्कशीचं पुस्तक सापडलं, मुखपृष्ठ नसलेलं. मी ते वाचलं. हसू नकोस, पारोळ्याकडच्या शाळेत सातवी पास झालेली बाई आहे मी. पहिल्या पहिल्यांदा एका पानाला पाव तास लागायचा. सर्कशीत ऐंशी माणसांचा स्वयंपाक करणारी ती यमू, तिची धाकटी बहीण शशी एक दिवस न सांगता निघून जाते, आणि मग जिथे तंबू लागेल तिथे यमू प्रेक्षकांत तिचं तोंड शोधत राहते. एकशे बहात्तराव्या पानावर तिला तिसऱ्या रांगेत हिरवी शाल पांघरलेली एक बाई दिसते. ‘तिने हातातला झारा खाली ठेवला आणि’ इथे पान संपतं. पुढची पानं नाहीत. ती कशी गेली ते तुला माहीत आहे आणि मलाही. तो विषय नको.

ती शशीच होती का? बहिणीकडे परत आली का? एवढं पोस्टकार्डावर लिहून पाठव. खाली नाव घातलं नाहीस तरी चालेल.

तुझे पप्पा बरे आहेत. कान आणखी गेले.

आई


१ डिसेंबर २०२४

प्रियांका,

तुझं कार्ड आलं नाही. मला काही घाई नाही. घाई कलाबाईला आहे.

आपल्या समोरच्या खोलीतली कलाबाई, तुझे केस विंचरून द्यायची ती. मागच्या पत्रात मी लिहिलं की मी पुस्तक वाचलं. एकटीने नाही वाचलं. सुरुवातीला साडीवर चमकीची टिकी लावता लावता मध्येच एखादं पान मनात वाचायचे, पण ओठ हलायचे. कलाबाई म्हणाली, ‘मनमां काय वाचस? आमले बी आयकू दे ना.’ मग मोठ्याने सुरू केलं. दुपारी पाणी भरून झालं की कलाबाई, वरच्या मजल्यावरची उषाबाई आणि जयश्री आपापल्या साड्या घेऊन आपल्या खोलीत येतात. उषाबाईने नियमच करून टाकला, की जी वाचेल तिच्या वाट्याच्या साड्या बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. त्यामुळे गेला महिनाभर मी दुपारी बोटाला गम न लावता शेठाणीसारखी बसते. जयश्रीही कधीमधी वाचते, पण तिची शाळा गुजराती, ती एकेका शब्दावर अशी थांबते की कलाबाईला दम निघत नाही.

आम्ही एवढ्या हसलो आहोत या महिन्यात, की खालच्या घरमालकाने एकदा वर येऊन पाहिलं. हत्तीण रुसते आणि यमू तिला लापशी भरवते तिथे उषाबाईच्या हातातली टिकीची पुडी सांडली. सगळ्या जणी जमिनीवर रांगत टिकल्या वेचत होतो आणि हसत होतो. समासात तू पेन्सिलीने बारीक रेघा मारून ठेवल्या आहेस. अभ्यासाची सवय, दुसरं काय. गोष्टीच्या पुस्तकात कसला अभ्यास ते मला कळलं नाही, पण रेघ दिसली की आता हसायला येणार हे आम्हाला पाठ झालं आहे.

तुझे पप्पाही ऐकतात. ऐकतात म्हणजे बघतात. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काम केलेल्या माणसांना ओठांवरून बोलणं कळतं, हे तुला सांगायला नको. सुट्टीच्या दिवशी ते माझ्यासमोर भिंतीला टेकून बसतात आणि मी मान खाली घातली की जमिनीवर थाप मारतात. म्हणून मी पुस्तक हनुवटीच्या खाली, ओठ दिसतील असं धरते. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या तोंडाकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मी थांबले की मूठ पुढे ढकलतात. कारखान्यात थांबलेला लूम चालू कर, याची ती खूण. मला ती पुढे वाच म्हणून करतात.

आता पुढे वाचायला काही नाही. पुस्तक दोनदा झालं. दोन्ही वेळा एकशे बहात्तरवर येऊन सगळ्या अडल्या. उषाबाई शशीवर चिडलेली असते. ‘काहून गेली वं ते? दोन टाइम पोटभर भेटत होतं तिले.’ तिच्या बुलढाण्याकडे माणूस घर सोडतो तो उपाशी राहिला तरच, असं तिला वाटतं. मी पुस्तक मिटते.

कार्ड पाठव.

आई


५ जानेवारी २०२५

प्रियांका,

हे पत्र वाचून फेकून दे, पण वाच.

कलाबाईच्या घशात गाठ आहे. मागच्या वेळी लिहिताना मला माहीत होतं, लिहिलं नाही. तुझ्यावर दडपण नको, असं मनाशी म्हटलं. खरं कारण तेही नव्हतं. तू दया म्हणून उत्तर द्यावंस, असं मला नको होतं. तू मला म्हणून उत्तर द्यायला हवं होतं. माझा हा ताठा तुला माहीत आहे, तुझ्यातही तोच आला आहे.

दवाखान्यात आता नेत नाहीत. नेऊन उपयोग नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं. तिला गिळता येत नाही, पातळ पेज जाते. साड्या सुटल्या तिच्या, पण दुपारी भिंत धरत धरत येते आणि कोपऱ्यात पडून ऐकते. आम्ही तिसऱ्यांदा पहिल्यापासून वाचतोय. काल एकशे बहात्तर आलं. ती म्हणाली, ‘ती बहीण घर येस का नही, इतलंच माले सांग. मंग मी जासू.’

तुला हे माहीत नसेल. कलाबाई वीस वर्षांची असताना नवऱ्यामागे इथे आली ती भांडून आली. आई दारात उभी होती आणि हिने मागे वळून पाहिलं नाही. आई गेल्याचं हिला तेराव्याच्या नंतर कळलं. चाळीस वर्षं समोरासमोर राहिलो असतो तरी तिने हे सांगितलं नसतं. त्या यमूमुळे बोलली.

जयश्रीला मी सांगितलं होतं, फोन करून तूच विचार. तिने विचारलं. तू म्हणालीस म्हणे, ‘आईला सांग, मला आठवत नाही.’ तुला आठवत नाही? तिसरीतला धडा तुला बाराव्या इयत्तेत पाठ होता. आठवत नसेल तर नसेल. पण मला तसं वाटत नाही.

आई


९ फेब्रुवारी २०२५

प्रियांका,

जानेवारीचं पत्र परत आलं. पोस्टमनने पाकिटावर निळ्या पेनने लिहून आणलं, घेण्यास नकार. मी त्याला विचारलं, कुणी नकार दिला, तिनेच का? तो म्हणाला, आम्हाला तेवढंच कळतं.

म्हणजे आता मी लिहिते ते कुणी वाचत नाही. मग खरंच लिहायला काय हरकत आहे.

जूनमध्ये तुझा निकाल लागला. दोन मार्क कमी पडले, तिसऱ्या वेळी. मी माल घेऊन घरी आले तर तू खिडकीत बसून पुस्तक वाचत होतीस. गोष्टीचं. माझं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी शेठला साड्यांचा लॉट द्यायचा होता आणि घडीत घालायचे कागद संपले होते. टिकीचा गम ओला असतो, मध्ये कागद घातला नाही तर घडीला घडी चिकटते. वर्तमानपत्र घातलं तर शाईचा डाग पडतो. पुस्तकाच्या कागदाचा पडत नाही. मी तुझ्या हातातून ते ओढून घेतलं आणि मागून धरून फाडलं. तू वाचत होतीस त्याच्या पुढचं सगळं.

तू रडली असतीस, भांडली असतीस, तर मी थांबले असते. असं मी स्वतःला सांगते. तू उठलीस आणि साडीचं दुसरं टोक धरलंस, रोज धरायचीस तसं. मी पान ठेवायचे, तू घडी घालायचीस. एकोणीस पानं, एकोणीस साड्या. मी म्हणत होते, ‘आता झाला या कागदांचा काही उपयोग.’ तू एक शब्द बोलली नाहीस. पाचव्या दिवशी गेलीस. कुठल्या गावच्या बायका त्या साड्या नेसल्या आणि ती पानं त्यांनी कुठे टाकली, कोण जाणे.

दिवाळीच्या साफसफाईत पुस्तक सापडलं, हेही खोटं. कागद पुन्हा संपले होते. उरलेलं फाडायला मी ते घेतलं होतं. पहिलं पान बोटांत धरलं आणि नजर गेली. ‘ऐंशी माणसांच्या डाळीत मीठ किती घालायचं, हे यमूला कुणी शिकवलं नव्हतं.’ मला हसू आलं, कारण मलाही कुणी शिकवलं नव्हतं. मग पुढचं वाक्य वाचलं. मग त्याच्या पुढचं. त्या दिवशी माल गेला नाही.

तू किती वेळा म्हणायचीस, ‘आई, एक पान ऐक ना.’ मी म्हणायचे, ‘याने नोकरी लागणार आहे का?’ तुझी लायब्ररीची चिठ्ठी मीच चुलीत घातली होती, हरवली नव्हती. अभ्यासाचं वाच, अभ्यासाचं वाच. वाचणारी पोर माझ्या घरात होती आणि मी तिचं वाचणं काढून घेतलं. आता दुपारी मी वाचते आणि तू नाहीस. मला रोज लाज वाटते, आणि रोज दुपार कधी होते याची मी वाटही बघते. दोन्ही खरं आहे.

गेल्या आठवड्यात मी कलाबाईला खोटं सांगितलं. तुझं पत्र आलं म्हणून. एक जुनं लाइटबिल हातात धरलं आणि वाचल्यासारखं केलं, की ती बाई शशीच होती, यमूने तिला तंबूत नेलं, जेवू घातलं, आणि ती राहिली. कलाबाईने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘हाई तू सांगी राहिनी व माय. पोर नही सांगी राहिनी.’ मी म्हटलं, कशावरून?  तिने माझा हात धरून ठेवला फक्त. जयश्री उठून बाहेर गेली.

हे परत आलं की जानेवारीच्या पत्राबरोबर ठेवीन.

आई


२३ मार्च २०२५

प्रियांका,

कलाबाई गेली. मंगळवारी सकाळी. शेवटचे दोन दिवस तिला बोलता येत नव्हतं. तुझ्या पप्पांना मात्र तिचं कळायचं, नुसते ओठ हलले तरी. त्यांनीच मला सांगितलं, पुढे काय झालं विचारतेय. मी मान खाली घातली. एरवी मी मान घातली की थाप मारतात, त्या वेळी मारली नाही.

वाचन बंद झालं. उषाबाई म्हणते, मन लागत नाही, ती तिचं काम वरच घेऊन बसते. जयश्रीचं लग्न ठरलं, भेस्तानला दिलं आहे. आमच्या खोलीत आता दुपारी नुसता पंखा चालतो. मी पुस्तक उघडून पाहिलं एकदा. एकटीला हसू येत नाही. चौघींत बसून वाचायची सवय लागली की एकटीचं वाचणं अळणी होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी सुरूच केलं नसतं. तू मात्र या घरात वीस वर्षं एकटीच वाचत होतीस.

तुला लिहिलेली मागची पत्रं परत आली नाहीत, फक्त ते एकच आलं. त्याचा अर्थ काय लावायचा? तू घेतेस आणि फोडत नाहीस, की फोडतेस आणि उत्तर देत नाहीस? मी अंदाज बांधायचं सोडलं. अंदाज बांधला की दोन दिवस बरं वाटतं, मग त्याहून वाईट वाटतं.

मी तुझी वाट बघते असं लिहिणार होते. वाट बघायलाही काही धागा लागतो. माझ्या हातात तो राहिला नाही.

आई


१४ एप्रिल २०२५

प्रियांका,

आज शेठच्या माणसाने एक साडी आणून दारात टाकली. दुकानात जवळजवळ वर्षभर पडून राहिलेला माल परत आला, त्यातली. ‘लीलाबेन, ये आपका काम है? कागज चिपका हुआ है अंदर.’ लॉटच्या चिठ्ठीवर माझंच नाव होतं, जून महिना. पिस्ता रंगाची साडी. तिची शेवटची घडी तू घातली असशील.

घडी उलगडली तर पदराच्या आत पान होतं, टिकीच्या गमने घट्ट बसलेलं. एकशे एकोणनव्वद. वरची बाजू स्वच्छ वाचता येते.

सर्कशीत कलेक्टरसाहेब जेवायला आले आहेत. गडबडीत त्यांच्या ताटात हत्तिणीची खिचडी वाढली जाते. यमू झारा हातात धरून बघत राहते. साहेब ती खातात, पुन्हा मागून घेतात, आणि निघताना यमूला म्हणतात, ‘स्वयंपाक उत्तम. हिंग जरा हात राखून घालत जा.’ आणि तिकडे हत्तीण कलेक्टरसाहेबांचा श्रीखंडाचा वाडगा चाटून बसलेली.

मी हसले. एकटी. दारात बसून, साडी मांडीवर घेऊन, इतकी हसले की तुझ्या पप्पांनी आतून पाहिलं आणि काय झालं म्हणून हात हलवला.

मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि तेव्हा लक्षात आलं, की ती खिचडी वाढते कोण, तर शशी. शशी वाढत होती. म्हणजे ती आली होती. यमूने तिला तंबूत नेलं होतं, कामाला लावलं होतं, आणि ती यमूबरोबर पंगतीत वाढत होती. मी लाइटबिल धरून जे खोटं सांगितलं ते खरं होतं. कलाबाई जाऊन सत्तावीस दिवस झाले आहेत.

समासात तुझी रेघ होती, पेन्सिलीची. बाकी ठिकाणी नुसती रेघ आहे. इथे रेघेच्या बाजूला तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस: ‘हे सगळं आईला वाचून दाखवायचं. हसेल.’

म्हणजे त्या दिवशी पुस्तक तू दुसऱ्यांदा वाचत होतीस. निकाल हातात घेऊन तू माझ्यासाठी हसायच्या जागा पुन्हा पाहत बसली होतीस, आणि मी ते तुझ्या हातातून ओढलं. मग हेच पान मी साडीवर ठेवलं आणि तू घडी घातलीस. तुझं अक्षर तुला दिसलं असणार. तरी तू बोलली नाहीस.

मी पुस्तक आणून सगळ्या रेघा मोजल्या. अकरा आहेत. अकराही ठिकाणी मी हसले होते. तू मला किती ओळखतेस, आणि मी तुला काय ओळखत होते.

पानाची मागची बाजू साडीला चिकटली आहे. शशी शेवटपर्यंत राहिली का, ते तिकडे असेल. जयश्री म्हणाली, गरम पाणी लावलं तर सुटेल. सुटेल, पण अक्षरं साडीला राहतील. म्हणून मी लावलं नाही. ती साडी मी परत दिली नाही, तुझ्या पेटीत पुस्तकाखाली घडी घालून ठेवली आहे. आधी मनात आलं, की लिहावं, पान बघायचं असेल तर इकडे ये. पण हीच माझी जुनी खोड आहे, काहीतरी अडवून धरायची. तुला हवं असेल तर पान तेवढ्या कापडासकट कापून पाठवीन. आणि तू हेही पत्र परत पाठवलंस तर तेही ठेवीन.

संध्याकाळी तुझे पप्पा समोर येऊन बसले. भिंतीला टेकून. मी साडी हनुवटीखाली धरली आणि त्यांना ते पान वाचून दाखवलं, ओठ दिसतील असं, सावकाश. खिचडीपाशी ते हसले. हिंगापाशी पुन्हा हसले. मग तू लिहिलेली ओळ वाचली.

पान संपलं. त्यांनी मूठ पुढे ढकलली.

आई